लवंग्या सशाची शोकसभा

एका जंगलाचा डोह गेला, आणि तो आबासाहेब गव्यामुळे गेला.

मुलांनो, दोषी कोण हे गोष्टीच्या शेवटी सांगायचं असतं, हे आम्हालाही माहीत आहे. पण शेवट येईपर्यंत घरातलं कुणीतरी मोठं माणूस तुम्हाला उठवतं आणि चष्मा शोधायला पाठवतं. चष्मा त्यांच्याच कपाळावर असतो. तो सापडेपर्यंत गोष्ट संपते आणि दोष भलत्याच्याच नावावर जातो. म्हणून आधीच सांगून टाकलं. आबासाहेब. नाव नीट लक्षात ठेवा.

तर त्या जंगलाच्या मधून एक नदी जायची. उन्हाळ्यात ती आटायची आणि एकच डोह उरायचा. अलीकडच्या रानाचे पुढारी आबासाहेब. पलीकडच्या रानाच्या कारभारीण सगुणाकाकू साळिंदर. डोहावर आधी कुणी जायचं, हा दरवर्षीचा तंटा. जे रान आधी जाई त्याला नितळ पाणी. जे मागून जाई त्याला गाळ, शेण आणि उपदेश.

डोहाच्या मधोमध एक काळी सपाट शिळा होती. जिंकलेल्या पुढाऱ्याने उन्हाळाभर तिच्यावर बसायचं. पोट पाण्यात, पाठ सावलीत. आबासाहेब अकरा उन्हाळे त्या शिळेवर बसले होते. शिळेला त्यांच्या बुडाचा आकार आला होता, असं त्यांचे भाचे म्हणत. भाचे असलं बरंच काही म्हणत. आबासाहेबांचं आता वय झालं होतं, कातडं उन्हाने भाजायचं, आणि त्या शिळेवाचून उन्हाळा काढायचा ही कल्पनाच त्यांना करवत नव्हती.

तंटा मिटवायची पद्धत अशी. शिमगा झाला की नदीच्या वाळूत पट आखायचा आणि बुद्धिबळ खेळायचं. सोंगट्या म्हणजे जिवंत जनावरं. अलीकडच्यांनी अंगाला राख फासायची, पलीकडच्यांनी गेरू. जो मारला जाई त्याने पटाबाहेर करंजाच्या झाडाखाली जाऊन बसायचं. खरं कुणी मरत नसे. पण डाव संपेपर्यंत तो मेला असंच धरायचं. मेलेल्याने बोलायचं नाही, खायचं नाही, खाजवायचं नाही.

आबासाहेब जिंकायचे कसे? त्यांची एकच युक्ती होती. आधी प्यादी फेकायची. प्यादी म्हणजे तरणे ससे. "पुढे व्हा रे, आम्ही आहोत तुमच्या मागे," असं आबासाहेब म्हणायचे. यात खोटं काहीच नव्हतं. ते मागेच असायचे.

आणि प्यादं पडलं की शोकसभा.

ही त्या रानाची खास रीत. डाव थांबायचा. सगळे माना खाली घालायचे. आबासाहेब घसा साफ करून बोलायचे, "तो मला मुलासारखा होता. त्याच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी कधीही भरून निघणार नाही." मग मेलेल्याच्या बिळाचं काय करायचं ते तिथल्या तिथे जाहीर व्हायचं. बीळ एखाद्या भाच्याच्या नावावर जायचं. संध्याकाळी मेलेला ससा करंजाखालून उठून घरी जायचा, तर दारात भाच्याचं शिंग. भाचा बिळात मावत नसे. पण नावावर असावं.

जिवंतपणी त्या रानात कुणी सशाचं नावसुद्धा विचारत नसे. मेला की भाषण. म्हणून काही सशांना मरायची आवडही लागली होती. मोठ्यांनी चांगलं म्हणावं एवढ्यासाठी पोरं काय काय करतात, ते तुम्हाला सांगायला नको.

बाराव्या वर्षी सगुणाकाकू म्हणाल्या, "आबासाहेब, तोच तो खेळ खेळून कंटाळा आला. यंदा नवा खेळू."

त्यांच्याबरोबर एक करकोची होती. थंडीला आली होती आणि आता परत उडायच्या बेतात होती. तिने लांबलांबचे देश पाहिले होते. ती म्हणाली, "उगवतीला समुद्रात जपान नावाची बेटं आहेत. बुद्धिबळाचा एक चुलतभाऊ तिथे राहतो. त्याला शोगी म्हणतात."

"आमचं बुद्धिबळ काय वाईट आहे?" आबासाहेब म्हणाले.

"वाईट काही नाही," काकू म्हणाल्या. "पण या वयात नवं शिकणं जमत नसेल, तर राहू दे."

झालं. एवढंच पुरे होतं. आबासाहेबांनी नियम न ऐकताच होकार दिला. पटावरचा खेळ आहे ना? मग त्यात ऐकायचं काय? अकरा वर्षं काय गवत खाल्लं होतं? तसं गवतच खाल्लं होतं म्हणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी करकोचीने चोचीने वाळूत रेघा मारल्या.

"नऊ घरं आडवी, नऊ उभी. एकूण एक्क्याऐंशी."

"चौसष्ट असतात," आबासाहेब म्हणाले.

"इथे एक्क्याऐंशी."

"आमच्या वेळी चौसष्टच होती."

करकोची एका पायावर उभी होती. तिने पाय बदलला आणि पुढे चालू केलं. "दोन्हीकडे वीस-वीस. शेवटच्या रांगेत मधोमध राजा. त्याने कुठल्याही बाजूला एक घर चालायचं."

हे आबासाहेबांना पटलं. ते जाऊन मधोमध बसले.

"राजाच्या दोन अंगांना सोन्याचे दोन सेनापती. एकेक घर चालतात. पुढे सरळ, पुढे तिरपे, बाजूंना आणि सरळ मागे. मागे तिरपे तेवढे जात नाहीत."

"तिथे आमचे भाचे," आबासाहेब म्हणाले. सांगायची गरज नव्हती. मोठ्या भाच्याचं नाव रुबाबराव होतं. तो आधीच येऊन उभा होता.

"त्यांच्या पलीकडे रुप्याचे दोन. त्यांनी पुढे तिन्ही अंगांनी जावं, मागे मात्र तिरपंच. मग उडी मारणारे दोन. दोन घरं पुढे आणि एक बाजूला, मधल्याच्या डोक्यावरून. आणि दोन्ही कोपऱ्यांत एकेक भाला. नाकासमोर सुटायचं, वाटेत कुणी येईपर्यंत हवं तेवढं जायचं, मागे वळायचं नाही."

"रानडुक्कर," दोन्ही रानं एकदम म्हणाली.

उडी मारायला भेकरं होतीच. रुप्याच्या जागी काकूंनी खवल्या मांजर उभं केलं, कारण त्याचे खवले उन्हात तसे चमकायचे. दुसऱ्या रांगेत दोघेच होते. सरळ कितीही धावणारा हत्ती आणि तिरपा कितीही धावणारा कोल्हा. कोल्ह्याला काही शिकवावं लागलं नाही. तो जन्मात कधी सरळ चालला नव्हता.

"आणि तिसऱ्या रांगेत नऊ प्यादी. एका वेळी एक घर, पुढे. मारायचं तेसुद्धा समोर असेल त्याला."

नऊ ससे तोंड पाडून उभे राहिले. ससा, आणि एका वेळी एक पाऊल. पण मोठ्यांच्या रानात राहायचं तर ही सवय होतेच.

"शत्रूच्या शेवटच्या तीन रांगांत शिरलात की बढती," करकोची म्हणाली. "तिकडे खरी सोंगटी उलटी करतात, मागे लाल अक्षर असतं. इथे कानात पळसाचं लाल फूल खोवू. फूल लागलेलं प्यादं सोन्याच्या सेनापतीसारखं चालतं."

आबासाहेबांनी मान वर केली. "म्हणजे ससा आणि आमचा रुबाबराव एका चालीचे?"

"हो."

"मग रुबाबरावाला बढती मिळून तो काय होतो?"

"काही नाही. सोन्याला बढती नसते. त्याची मागची बाजू कोरी असते."

कुठूनतरी ससे हसले. रुबाबरावाने मागे वळून आपली मागची बाजू पाहिली.

यानंतर आबासाहेबांनी डोळे मिटले. डोळे मिटून आपण विचार करतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचा विचार नदीच्या वळणापर्यंत ऐकू यायचा. त्या आवाजात करकोचीने या खेळाचा सगळ्यात मोठा नियम सांगितला, आणि तो नेमका त्यांच्या कानावरून गेला.

नियम असा. या खेळात कुणी मरत नाही. तुम्ही ज्याला मारता तो तुमच्या हाती येतो. त्याने तोंड फिरवायचं की तो तुमचा झाला. मग एखादी चाल चालण्याऐवजी तुम्ही त्याला उचलून पटावरच्या बहुतेक कुठल्याही मोकळ्या घरात उतरवू शकता. फूल असेल तर ते काढून, साध्या रूपात. म्हणूनच दोन्ही बाजूंचा रंग एक असतो. राख नाही, गेरू नाही. कोण कुणाचा, ते तोंड कुठे आहे त्यावरून ओळखायचं.

"एका उभ्या ओळीत आपली दोन बिनफुली प्यादी ठेवायची नाहीत," करकोची सांगत होती. "दुसरं उतरवलं की डाव तिथेच गेला. आणि हातातलं प्यादं उतरवून थेट राजावर मात करायची नाही."

"हे बरोबर आहे," आबासाहेब एकदम जागे होऊन म्हणाले. "प्याद्याने उगाच वरून टपकायचं आणि राजावर मात करायची, हे शोभत नाही." आपल्या सोयीचा नियम त्यांना झोपेतसुद्धा ऐकू यायचा.

"आणि शेवटचं," करकोची म्हणाली. "हरलेल्या राजाने मान खाली घालून 'मी हरलो' म्हणायचं. तो म्हणेपर्यंत डाव संपत नाही."

हे आबासाहेबांनी मनावर घेतलं नाही. ते वाक्य काकूंसाठी आहे, असंच ते धरून चालले.

डाव सुरू झाला. आबासाहेबांनी समोर पाहिलं. त्यांच्या घरापुढे एक घर मोकळं होतं आणि त्यापुढे एक बारकासा ससा त्यांच्याकडे पाठ करून उभा होता. त्याचं नाव लवंग्या. आबासाहेबांनी त्याला हाक मारली.

"वेलच्या, पुढे हो."

"लवंग्या," ससा म्हणाला.

"तेच ते. पुढे हो. आम्ही आहोत मागे."

लवंग्या पुढे झाला. मग आणखी पुढे. शेवटी तो काकूंच्या प्याद्याच्या नाकापुढे जाऊन पोहोचला आणि त्या प्याद्याने त्याला टिचकी मारली. मारला गेला.

आबासाहेब उठले. घसा साफ झाला. माना खाली गेल्या. "वेलच्या गेला. तो मला मुलासारखा होता. त्याच्या जाण्याने माझ्यापुढे जी पोकळी निर्माण झाली आहे, ती कधीही भरून निघणार नाही."

"आबासाहेब, मी इथं आहे," लवंग्या म्हणाला.

तो करंजाखाली नव्हता. तो पलीकडे काकूंच्या शेजारी उभा होता, आणि चक्क काहीतरी खात होता.

"मयताने मध्ये बोलू नये," आबासाहेब म्हणाले. "तर त्याचं बोराटीखालचं बीळ रुबाबरावाच्या नावावर करण्यात येत आहे."

लवंग्या खायचा थांबला. "ते बीळ मी खणलंय. दोन पावसाळे लागले."

"म्हणून तर देतोय. बीळ चांगलं आहे."

पलीकडे काकूंनी त्याच्याकडे मान वळवली. "नाव काय रे तुझं?"

"लवंग्या."

"लवंग्या, इथे थांब. तुझं काम पडणार आहे."

मुलांनो, काकू फार प्रेमळ होत्या असं समजू नका. त्यांनी त्याला बसायलाही सांगितलं नाही. त्यांना फक्त खेळ कळला होता. पण नाव विचारायला तेवढं पुरतं.

आबासाहेबांना त्या प्याद्याचा राग आला. त्यांनी त्याच्यावर हत्ती सोडला. हत्तीने प्यादं मारलं. लगेच काकूंच्या भेकराने उडी मारून हत्ती मारला. एका सशापायी हत्ती गेला. आबासाहेबांनी हत्तीची शोकसभा घेतली, ती हत्तीएवढीच लांबली. हत्ती पलीकडे उभा राहून सोंडेने डोळे पुसत होता. आपण इतके थोर होतो, हे त्याला माहीतच नव्हतं.

मग आबासाहेबांनी नेहमीची युक्ती काढली. प्यादी फेकली. एक गेलं, भाषण. दुसरं गेलं, भाषण. तिसऱ्याच्या वेळी त्यांनी दुसऱ्याचंच भाषण पुन्हा केलं, पण भाच्यांनी टाळ्या वाजवल्या. भेकर गेलं. कोल्हा तर मारायच्या आधीच तोंड फिरवून उभा होता. जो जाईल तो पलीकडे जाऊन तोंड फिरवायचा, आणि थोड्या वेळाने पटावर नवीनच घरात उभा दिसायचा. नाक आबासाहेबांकडे करून.

"हे काय चाललंय?" आबासाहेब म्हणाले. "मेलेली परत कशी येतात?"

"नियम आहे," करकोची म्हणाली. "मी सांगितला होता. तुम्ही विचार करत होतात."

"हा नियम चुकीचा आहे. आपण शोकसभा घेतली आहे. शोकसभा झालेला परत येत नाही. आमच्या रानात अकरा वर्षांत कुणी आला नाही."

"आला असता, तर तुम्ही ओळखलं असतंत का?" लवंग्याने पलीकडून विचारलं.

"कोण बोललं?"

"वेलच्या," लवंग्या म्हणाला.

आता गंमत बघा. आबासाहेबांच्या हातीही काही कमी नव्हतं. काकूंची दोन प्यादी त्यांनी मारली होती. खवल्या मांजरही मारलं होतं. ते तिघे करंजाखाली बसून होते. आबासाहेबांनी त्यांचीही शोकसभा घेतली होती, थोडक्यात, शत्रूची म्हणून.

खवल्या म्हणाला, "आबासाहेब, मला उतरवा की पटावर. मी आता तुमचा आहे."

"गद्दार," आबासाहेब म्हणाले.

"मी? मी तर तुमच्याकडे आलोय."

"तिकडून आलास म्हणजे तिकडचा गद्दार. उद्या आमचा होशील."

"आणि जे इथून तिकडे गेले ते?"

"तेही गद्दार."

"मग इमानी कोण?"

आबासाहेबांनी दोन्ही बाजूंना पाहिलं. उजवीकडे रुबाबराव होता. डावीकडचा धाकटा भाचा केव्हाच नव्हता. तो एकेक घर सरकत सरकत पटाच्या काठाला गेला होता, कारण तिथे आंब्याची सावली पडली होती. त्या सरकण्यात आबासाहेबांच्या तीन चाली गेल्या होत्या. पण पोराला ऊन सोसत नाही, त्याला काय करणार? सशांनाही ऊन लागतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. ध्यानात यायला आधी तिकडे बघावं लागतं.

"ऊठ म्हटलं की उठतो आणि बस म्हटलं की बसतो, तो इमानी," आबासाहेब म्हणाले.

"मग मी उठू का?" खवल्याने विचारलं.

"बस."

खवल्या बसला आणि अंगाचा गोळा करून घेतला. त्या दिवशी एवढी शहाणी चाल अलीकडच्या बाजूने दुसरी झाली नाही.

ऊन डोक्यावर आलं. काकूंनी भेकर उचललं, आबासाहेबांकडून मिळालेलंच, आणि त्यांच्या अंगणात उतरवलं. भेकराची उडी दोन घरं पुढे आणि एक बाजूला. ती नेमकी आबासाहेबांच्या पुढ्यातल्या मोकळ्या घरात पडत होती. आबासाहेबांनी त्याच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. मयताला काय भ्यायचं? त्यांनी चाल म्हणून उरलेल्या प्याद्यांपैकी एक पुढे ढकललं. "आम्ही आहोत मागे," ते सवयीने म्हणाले.

मग काकू म्हणाल्या, "लवंग्या, चल."

लवंग्या आला. राजाच्या उभ्या ओळीतलं काकूंचं प्यादं आबासाहेबांच्या हत्तीनेच मारलं होतं, म्हणून ती ओळ रिकामी होती. एका ओळीत दोन प्यादी व्हायची भीती नव्हती. काकूंनी त्याला तिसऱ्या रांगेत उतरवलं. म्हणजे कुठे? सकाळी जिथे तो उभा होता तिथेच. तेच घर. तोच ससा. सकाळी पाठ होती, आता तोंड होतं. आबासाहेब अकरा वर्षं सशांच्या पाठी बघत आले होते. सशाला तोंड असतं, आणि तोंडावर डोळे असतात, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मग त्यांना नियम आठवला आणि ते हसले. "प्याद्याने टपकून मात करता येत नाही. काय हो करकोचीबाई?"

"येत नाही," करकोची म्हणाली. "पण त्याने अजून शहसुद्धा दिलेला नाही. तुमच्या पुढचं घर मोकळं आहे. चाल तुमची."

करंजाखालचा गोळा उलगडला. खवल्या म्हणाला, "आबासाहेब, आता तरी ऐका. तुमच्या पुढच्या घरावर एकट्या रुबाबरावाचा पहारा आहे. त्याला हलवू नका. काहीतरी चालायचंच असेल तर मला तुमच्या डाव्या अंगाला उतरवा. ससा पुढे आला की मी त्याला उचलतो."

"मेलेल्यांच्या आडोशाला राजा बसत नाही," आबासाहेब म्हणाले.

तेवढ्यात रुबाबराव म्हणाला, "मामा, डोकं तापलंय हो. एकच घर सरकू का? पलीकडे जरा वारा आहे."

अलीकडचे ससे रुबाबरावाकडे बघत होते, पलीकडचे आबासाहेबांकडे. काकूंनी काटे आवरून घेतले.

आबासाहेबांनी भाच्याकडे पाहिलं. घामाने त्याचं कपाळ चमकत होतं. मग त्यांनी लवंग्याकडे पाहिलं. त्याची तर शोकसभा झाली होती. बीळ वाटून झालं होतं. ज्याचं बीळ वाटून झालं तो पुढे सरकतो कसा?

"सरक बाळा," आबासाहेब म्हणाले.

रुबाबराव एक घर सरकला. त्याला बरं वाटलं.

लवंग्या एक पाऊल पुढे आला. काही घाई नाही. टपकला नाही, चालत आला. शत्रूच्या शेवटच्या तीन रांगांत चाललेल्या प्याद्याला बढती मिळते, म्हणून करकोचीने त्याच्या कानात पळसाचं फूल खोवलं. आता तो सोन्यासारखा चालणार होता. आबासाहेबांनी डावं घर पाहिलं, तिथे लवंग्याचा मार. उजवं पाहिलं, तिथेही त्याचाच. पुढची दोन तिरपी घरंही त्याचीच. लवंग्यालाच मारावं, तर त्याच्या पाठीशी भेकर उडीच्या तयारीत. पाठीमागे पट संपला होता. रुबाबराव एक घर लांब, वाऱ्याला उभा होता.

"शह," लवंग्या म्हणाला. "आणि मातही झाली वाटतं."

"वेलच्या," आबासाहेब हळू आवाजात म्हणाले, "तू मला मुलासारखा..."

"ते भाषण झालंय, आबासाहेब."

"बीळ परत देतो."

"घेणारच आहे. भाच्याला म्हणावं, शिंग काढ."

करकोची म्हणाली, "आता मान खाली घालून म्हणायचं."

आबासाहेबांनी घसा साफ केला. अकरा वर्षांत त्यांनी शेकडो वाक्यं पाठ केली होती, त्यांत हे नव्हतं. ऊन उतरायला लागलं. समोर डोह चमकत होता. डाव संपेपर्यंत पाण्याला कुणी तोंड लावायचं नाही, अशीही एक रीत होती. ती आबासाहेबांनीच घातली होती. ससे वाळूत बसकण मारून बघत राहिले. शेवटी आबासाहेबांच्या घशात कोरड पडली.

"आम्ही हरलो," ते म्हणाले.

"आम्ही नाही," करकोची म्हणाली. "मी."

"आम्ही सगळ्यांनी मिळून..."

"जिंकताना किती जण होतात?" लवंग्याने विचारलं.

आबासाहेबांनी पाहिलं, कुणी मदतीला येतंय का. भाचे सावलीत झोपले होते.

"मी हरलो," आबासाहेब म्हणाले, आणि मान खाली गेली.

लागलीच दोन्ही रानांत कल्ला उठला. सगळे डोहाकडे धावले. कोण अलीकडचं आणि कोण पलीकडचं हे आता कळत नव्हतं, कारण सकाळपासून जवळजवळ प्रत्येकाने एकदा तरी तोंड फिरवलं होतं. काकूंनी सरळ सांगून टाकलं, डाव संपताना ज्याचं नाक आबासाहेबांकडे, तो आमचा. मोजलं, तर आबासाहेब, दोन भाचे आणि दोन-चार चुकार ससे सोडून सगळे त्यांचे निघाले. ससे पण जरा वेळाने गेलेच. खवल्या करंजाखालून सावकाश उठला, आबासाहेबांना नमस्कार केला, आणि पाणी प्यायला गेला.

लवंग्या जाता जाता थांबला. रीत म्हणजे रीत. त्याने घसा साफ केला. "आबासाहेब गेले," तो म्हणाला. "ते मला आबासाहेबांसारखेच होते. पोकळी झाली आहे, पण आपण तिथे एक दगड ठेवू."

लोक म्हणतात, त्या रानातली ही सगळ्यात आटोपशीर शोकसभा. कानातलं फूल मात्र लवंग्याने काढलं नाही. डाव संपल्यावर ते काढायचं असतं, असं करकोचीने दोनदा सांगून पाहिलं.

तात्पर्य: मुलांनो, मोठ्यांचं नेहमी ऐकावं. विशेषतः ते आपली शोकसभा घेत असतील तेव्हा कान देऊन ऐकावं, कारण आपलं घर कुणाच्या नावावर गेलं ते तिथेच कळतं. मग उठावं, तोंड फिरवावं आणि एक घर पुढे चालावं.

आबासाहेबांचा डोह गेला, शिळा गेली, आणि तेव्हापासून ते सशांच्या मागून पाणी पितात.